बिलावर ब्रेक पॅडची जाडी लिहा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात गणपतीला गाडीने गावी निघणाऱ्यांसाठी एक चौकट आली होती, टायरची हवा बघा, वायपर बदला, बॅटरी चेक करा, ब्रेक तपासून घ्या. बाकी सगळं कळतं, पण ब्रेक तपासून घ्या म्हणजे नेमकं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपण गॅरेजला जातो, तो माणूस चाकाजवळ वाकतो, अलॉयच्या फटीतून आत बघतो आणि सांगतो, पीछे का अभी चलेगा मॅडम, आणि आपण निघतो. मी पण कितीतरी वर्षं हेच केलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, पण मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते) बदलताना काय काय होऊ शकतं ते माझ्या गाडीवर झालंय आणि ते आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

मी मुलुंडला राहते, ऑफिस अंधेरीच्या सीप्झला, गाडी मीच चालवते, म्हणजे रोजचा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, रोजचा ट्रॅफिक, दर दहा फुटांवर ब्रेक. गेल्या वर्षी जुलैमध्ये मागून किर्रर आवाज यायला लागला म्हणून एका गॅरेजमध्ये गाडी टाकली. सकाळी दिली, संध्याकाळी घेतली, बिलावर लिहिलेलं, रिअर ब्रेक पॅड सेट १, लेबर, बस. आवाज थांबला होता, मी खूश. त्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर वरून टेम्पो उतरत होता म्हणून थांबले, पाऊस धो धो, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सोडला आणि गाडी मागे जायला लागली. मागे स्कूटरवर एक बाई, आणि तिच्या पुढ्यात उभा असलेला रेनकोटातला लहान मुलगा. पाय लगेच ब्रेकवर गेला म्हणून गाडी दोनेक फुटांत थांबली, कोणाला काही लागलं नाही. पण तो मुलगा आरशात जसा जवळ येत होता ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. गाडी वर लावून मी पंधरा मिनिटं आतच बसून होते.

माझे वडील बेस्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, रिटायर होऊन खूप वर्षं झाली. त्यांना सांगितल्यावर ते त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली आले आणि म्हणाले याला हात लावायचा नाही, रविवारी उघडू. स्वतः होऊन म्हणाले की मी आयुष्यभर ड्रम ब्रेक आणि त्यांचे लायनर (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्या) केले, मागच्या डिस्कचं काम मला येत नाही, येणारा माणूस बोलावू. भांडुपला त्यांच्या ओळखीचे एक जुने उस्ताद आहेत, ते रविवारी हत्यारांची पेटी घेऊन घरी आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं काम शेजारी उभं राहून बघितलं.

डावं चाक काढलं तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) पिस्टनवरचं, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यावरचं, रबर फाटलेलं, आतला पॅड तिरका बसलेला, एका टोकाला घासून चकचकीत आणि दुसऱ्या टोकाला डिस्क लागलेलीच नाही, आणि हँडब्रेकच्या केबलला जोडलेला कॅलिपरवरचा छोटा लिव्हर एकदम ढिला, ओढला तरी आत काहीच हलत नव्हतं. उस्तादांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, इसको सी क्लॅम्प से दबाया है (सी क्लॅम्प म्हणजे स्क्रू आवळून दाबायचा शिकंजा). मग उजवं चाक काढलं. तिथे जुनेच पॅड होते. पॉलिश पेपर मारून परत बसवलेले. बाबांनी व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) लावला तर पॅडचं घासायचं मटेरियल ३ एमएमच्याही आत. म्हणजे पैसे पूर्ण सेटचे घेतले आणि बदलले एकाच बाजूचे, आणि तेही चुकीचे बसवले. खरं तर एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे असतात, नाहीतर डावं चाक वेगळं धरतं आणि उजवं वेगळं, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

आता हा सी क्लॅम्पचा विषय नीट सांगते कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. (ज्यांच्या गाडीला मागे ड्रम आहे, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांना असतोच, त्यांना हा भाग लागू नाही.) पॅड झिजत जातात तसा पिस्टन हळूहळू बाहेर येत राहतो, त्यामुळे नवीन जाड पॅड बसवायचे तर आधी पिस्टन मागे ढकलावाच लागतो. पुढच्या ब्रेकला तो सरळ दाबला की आत जातो, सी क्लॅम्प लावा, हळूहळू आवळा, झालं. मागच्या डिस्कला पण बऱ्याच गाड्यांमध्ये हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनच्या पोटात असते, आत आटे असतात, आणि तो पिस्टन दाबत दाबत फिरवून, स्क्रूसारखा आत न्यायचा असतो. त्याचं एक साधं टूल मिळतं, दोन टोकं पिस्टनच्या खाचांमध्ये बसतात आणि फिरवायचं, बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने, काही गाड्यांत एका बाजूचं उलटं असतं म्हणून मॅन्युअल बघायचं. ते न करता नुसतं ताकदीने दाबलं तर पिस्टन आत जातोही, पण आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते आणि पायाचा ब्रेक मात्र ठीक लागतो. त्यामुळे मालकाला काही कळत नाही, कळतं ते चढावर. अगदी माझ्यासारखं.

आत नेल्यावरसुद्धा काम संपत नाही. पिस्टनच्या तोंडावर खाच असते आणि आतल्या पॅडच्या पाठीवर बारीक उंचवटा, तो त्या खाचेत बसलाच पाहिजे, म्हणून शेवटी पिस्टन थोडा इकडे तिकडे फिरवून खाच जुळवतात. माझ्या गाडीत ती जुळवलीच नव्हती, म्हणून पॅड तिरका. आणखी एक चूक नवीन माणूस हमखास करतो, गाडी जॅकवर घेतली म्हणून हँडब्रेक ओढून ठेवतो. इथे बरोब्बर उलट करायचं असतं, हँडब्रेक पूर्ण सोडायचा नाहीतर ना कॅलिपर सुटत ना पिस्टन फिरत, आणि गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा ओंडके लावायचे, पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअरमध्ये ठेवायची, सपाट जमिनीवरच करायचं आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. बाबांनी घोडी लावल्याशिवाय उस्तादांना चाक काढू दिलं नाही.

नवीन गाड्यांमध्ये हँडब्रेकचा दांडा गेला आणि बटण आलं. तिथे कॅलिपरच्या मागे छोटी मोटर असते. तिला आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मागे न्यावं लागतं, कुठे स्कॅनर लावून, काही गाड्यांत बटण आणि पेडल ठरलेल्या क्रमाने दाबून. ज्याच्याकडे स्कॅनर नाही आणि जो म्हणतो की बटणवाल्याला पण तसंच करतो, त्याच्याकडे मागचे पॅड बदलायला देऊ नका एवढंच सांगेन. आणि काही गाड्यांमध्ये डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत हँडब्रेकचा वेगळा छोटा ड्रम असतो, तिथे मात्र पिस्टन सरळ दाबला तरी चालतो. म्हणजे तीन प्रकार झाले, आणि काम सुरू करायच्या आधी मेकॅनिकला फक्त विचारा की आपल्या गाडीचा कुठला आहे. उत्तर देता आलं नाही तर गाडी परत घेऊन या.

आता मुंबईचं. आपल्याकडे हवा खारट, चार महिने पाऊस, आणि कितीतरी घरांत गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये उभी कारण ऑफिसला लोकलच परवडते. डिस्क बिडाची असते, रात्रभर पावसात राहिली की सकाळी तिच्यावर लाल थर दिसतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याने घाबरायचं काही नाही. पण आठ-दहा दिवस हँडब्रेक ओढून भिजत उभी राहिली तर पॅड डिस्कला चिकटतो, मग गाडी काढताना मागून खट्ट असा आवाज येतो. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात, ब्रेक मारला की वजन पुढे येतं म्हणून, मागचा ब्रेक हलकाच लागतो, त्यामुळे मागच्या डिस्कचा गंज घासून निघत नाही आणि तो साचत जातो. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा, हँडब्रेक सोडून द्या.

त्याहून वाईट म्हणजे पिना. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, त्या सरकल्या तरच बाहेरचा पॅड बरोबर दाबला जातो. पाणी आणि गंज जाऊन पिना जाम झाल्या की सगळं काम आतला पॅड करतो आणि तोच संपतो, बाहेरचा तसाच जाडजूड. आणि अलॉयच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा! म्हणजे तो गॅरेजवाला वाकून बघून अभी चलेगा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही, पण त्याने जो पॅड बघितलाय तो संपणाराच नव्हता. पॅड बदलताना पिना काढून पुसून त्यांना ब्रेकचं वेगळं सिलिकॉन ग्रीस लावायचं असतं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगतं आणि पिन आणखी जाम होते. उस्तादांनी माझ्या गाडीच्या पिना काढल्या तेव्हा एक तर हातोडीने ठोकून काढावी लागली, म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी बिलात ज्याचं लेबर लावलं त्यात पिनेला हातसुद्धा लागला नव्हता.

ब्रेक ऑइलचं पण सांगितलं पाहिजे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल भरतं, म्हणून बॉनेटखालच्या डब्यातली लेव्हल खाली जाते. लेव्हल कमी दिसली की आपण टॉपअप करून मोकळे होतो, खरं तर तेव्हाच पॅड बघायला हवेत. आणि टॉपअप करून ठेवलं की पॅड बदलताना पिस्टन आत जातो, ऑइल डब्यातून बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं, म्हणून काम करताना झाकण उघडून लेव्हलवर लक्ष ठेवायचं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा! डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. कशेडीला बोगदा झाला तरी पुढे परशुराम घाट आहेच, आणि ज्यांना आंबा किंवा करूळ घाटाने जायचं यायचं आहे त्यांचं तर विचारूच नका. त्यात गणपतीला गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, वर मखराचे खोके, म्हणजे मागच्या चाकांवर वजन जास्त, आणि हल्लीच्या गाड्यांमधलं ईबीडी (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी यंत्रणा) हे वजन ओळखून मागच्या ब्रेककडून नेहमीपेक्षा जास्त काम करून घेतं. म्हणजे वर्षभर ज्या मागच्या पॅडकडे कोणी बघत नाही त्यांच्यावर नेमका याच प्रवासात भार येतो. साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्या आणि घाट लोअर गिअरमध्ये उतरा.

काम झाल्यावर चाक लावून लगेच गाडी काढायची नाही हेही मी त्याच दिवशी बघितलं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्यांदा पेडल दाबलं तर ते थेट खाली जातं, ब्रेक लागतच नाही. गाडी जागेवरच ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, मग हँडब्रेक आठ-दहा वेळा ओढून सोडायचा, मगच हलवायची. नंतर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या स्पीडवरून हलका ब्रेक मारत दहापर्यंत आणायची, असं पाच-सात वेळा, मध्ये थोडं थंड होऊ द्यायचं, आणि पहिले एकदोन दिवस जोरात ब्रेक टाळायचा म्हणजे पॅड डिस्कला नीट बसतात.

तर माझ्या गाडीला डावा कॅलिपर नवीन टाकावा लागला, पॅडच्या कितीतरी पट खर्च आला. मी बिल घेऊन त्या गॅरेजला गेले. त्यांनी सांगितलं मॅडम सेट म्हणजे सेट, चारही पॅड टाकले, नंतर कोणी काय केलं आम्हाला काय माहीत. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. जुने पॅड मागितले नव्हते, फोटो काढला नव्हता, बिल होतं पण बिलावर काहीच नव्हतं. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, मला भांडण छापायचं नाहीये, मला पद्धत बदलून हवी आहे.

बाबांची नोकरीत असताना स्वतःची एक वही असायची, ज्या गाडीच्या ब्रेकला हात लावला तिचा नंबर, तारीख, प्रत्येक चाकाचा लायनर किती उरला. कोणी सांगितलं नव्हतं, तेच लिहायचे, आणि पुढच्या वेळी तीच गाडी आली की वही उघडून बघायचे की कुठलं चाक जास्त खातंय. त्या रविवारी रात्री त्यांनी मला तेवढंच सांगितलं की गॅरेजवाल्याने हे लिहून दिलं असतं तर त्याला उजवी बाजू सोडता आली नसती. मला वाटतं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

माझी मागणी एवढीच आहे की मुंबईतल्या प्रत्येक गॅरेजने, मोठं सर्व्हिस सेंटर असो की नाक्यावरचं, ब्रेकचं काम केलं की बिलावर आठ आकडे लिहावेत. चार चाकं, प्रत्येकाचा आतला पॅड किती एमएम आणि बाहेरचा किती. मागे ड्रम असेल तर लायनरची जाडी. लोखंडी पट्टी सोडून फक्त मटेरियल मोजायचं, नाहीतर पट्टीसकट ८ एमएम सांगतात आणि आत ३ उरलेले असतात. नवीन पॅडचं मटेरियल गाडीप्रमाणे साधारण ८ ते १२ एमएम असतं, ३ वर आलं की बदला. शक्य असेल तर डिस्कची जाडीही लिहावी, कमीत कमी किती चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं. मोजायला व्हर्नियर लागतो, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि चाक काढलेलंच असतं तेव्हा मोजायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हे कोणी तपासत का नाही असं कोणी म्हणेल तर सांगते, आपल्या खाजगी गाडीचा ब्रेक तपासायची सक्ती पहिली १५ वर्षं कोणावरच नाही. पीयूसी होते ती धुराची. टॅक्सीला ठरावीक काळाने फिटनेस करावं लागतं, आपल्याला रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ येईपर्यंत नाही. म्हणजे मधल्या १५ वर्षांत आपल्या ब्रेकची नोंद फक्त गॅरेजच्या बिलावरच होऊ शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, तेव्हा बिल मागायचा हक्क आपल्याला आहेच, त्या बिलावर काय लिहिलंय ते बघायची सवय आपण लावायची आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय हातात घेतला तर फार बरं होईल, आणि तुमच्या पेपरला विनंती आहे की पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा ब्रेक तपासून घ्या याच्याऐवजी मागची चाकं काढून चारही पॅड मोजून घ्या आणि जुने पॅड मागून घ्या असं छापा, एक ओळ जास्त जाईल.

यंदा आम्ही चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे निघतोय. काल उस्ताद येऊन गेले, चारही चाकं काढली. बाबांनी आता माझ्या गाडीची वेगळी वही केलीय, त्यात लिहिलंय, पुढे डावं आत ६, बाहेर साडेसहा, पुढे उजवं आत ६, बाहेर ६, मागे डावं आत साडेसात, बाहेर ८, मागे उजवं आत साडेसात, बाहेर साडेसात, पिना मोकळ्या, ब्रेक ऑइल नवीन, हँडब्रेक रॅम्पवर उभी करून बघितला, धरतो.

आपली,
एक वाचक,
मुलुंड पूर्व